तळ्यातला दवाखाना

गावात दवाखाना कुठे बांधायचा, हे माणसांच्या हातून ठरत नाही असे अकरा वर्षांत सिद्ध झाल्यावर सोलापूरच्या कचेरीने तो प्रश्न संगणकाकडे सोपवला. परिपत्रक निघाले : 'दवाखाना गावाच्या गुरुत्वमध्यावरच उभारावा, जेणेकरून कोणत्याही गल्लीस झुकते माप मिळणार नाही.'

काम आले कचेरीत नकाशे काढणाऱ्या शाइस्ताकडे. तिने भूमितीच्या सॉफ्टवेअरमध्ये गावाचे एकवीस कोपरे टिपले, बहुभुज बंद केला आणि मध्य विचारला. लाल ठिपका उमटला तो तळ्यात. गाव तळ्याभोवती घोड्याच्या नालासारखे वळलेले, त्यामुळे त्याचा मध्य पाण्यातच पडणार. सॉफ्टवेअरची काहीच चूक नव्हती.

कचेरीचे प्रमुख महेश्वर साहेबांनी ठिपका निरखून पाहिला आणि तळे हलवता येईल का, अशी विचारणा करण्यास सांगितले. तळे जागेवरच असल्याचे उत्तर रीतसर आले. मग खांबांवर दवाखाना ठरला, त्यासाठी होडी, होडीसाठी नावाडी. नावाड्याला प्रकृतीचा दाखला हवा होता आणि तो गावच्या दवाखान्यातच मिळणार होता.

मोजणीच्या वेळी खालच्या गल्लीतल्या सोजरबाईने शाइस्ताला चहा पाजला होता. गुडघा धरून म्हातारी म्हणाली होती, "रक्तदाबाच्या गोळीसाठी दोन यष्ट्या बदलाव्या लागत्यात, पोरी. कुटं बी बांदा, पर बांदा."

ते बोलणे शाइस्ताच्या मनातून जाईना. शेवटी नोकरी पणाला लावून तिने नकाशाचा एक कोपरा हळूच बाहेर ओढला. ठिपका काठावर आला, वरच्या गल्लीत.

आठवड्यात तक्रार आली. खालच्या गल्लीने पावले मोजली होती; वरच्यांना दवाखाना साठ पावलांनी जवळ पडत होता. कागदावर पहिला अंगठा सोजरबाईचा. शाइस्ता तडक तिच्या दारात गेली.

"आजी, कुठंही बांधा, असं तुम्हीच म्हणाला होता."

"व्हय की. पर त्यांच्या दारात?" म्हातारी गुडघा चोळत राहिली. "त्यापरीस पाण्यात बरा. बुडंल तर समद्यांचा बुडंल."

शाइस्ताला रडावे की हसावे कळेना. तिने कोपरा परत जागेवर नेला. उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर तळ्यात दवाखान्याची पाटी तेवढी रोवली गेली. ती दोन्ही गल्ल्यांना सारखीच दूर आहे आणि आजवर एकही तक्रार नाही. सोजरबाई अजून दोन यष्ट्या बदलते.

तुम्हाला हसू आले असेल, तर एवढेच आठवून पाहा : तुमच्या इमारतीत लिफ्ट अजून का बसली नाही, आणि तळमजल्यावर राहते कोण?