डोमाजी पेंटरांचा हक्क

आमचे शेजारी डोमाजी पेंटर स्वतःलाच रजिस्टर पत्रं पाठवत. पोस्टमन आला की सही करून पाकीट घेत, शिक्क्यावरची तारीख चष्मा वर करून वाचत आणि न फोडताच पेटीत टाकत. आत त्यांनीच काढलेल्या चित्राची नक्कल असे.

मी एका छापखान्यात मुद्रितं तपासायचो, त्यामुळे कायद्यातलंही आपल्याला कळतं असा माझा समज होता. म्हणालो, "डोमाजी, चित्र काढलं की हक्क आपोआप तुमचाच. नोंदणीचीसुद्धा सक्ती नाही. मग हा उपद्व्याप कशाला?"

"लेकरू जन्मलं की आपलंच असते गा भाऊ," ते म्हणाले. "तरी जन्माचा दाखला काढतेच ना आपन?"

कॉपीराइटच्या कायद्याचं एक फाटकं पुस्तक त्यांनी सीताबर्डीच्या फुटपाथवरून आणलं होतं. शिडीवर चढून दुकानांच्या पाट्या रंगवता रंगवता ते पाठ करत.

बहिणीच्या लग्नपत्रिकेसाठी मी त्यांच्या एका पाटीवरचा मोर चोरला. चोरला हे नंतर कळलं. तेव्हा फक्त आवडला होता. पत्रिकेचा कच्चा नमुना पाहताच त्यांनी विचारलं, "मोर कोनाचा?"

"मोर काय, सगळ्यांचाच."

"मोर सगळ्यायचा. हा मोर माहा. तू तुहा काढ, मी काही म्हननार नाही."

मी काढून दाखवला. तो त्यांनी बराच वेळ न्याहाळला आणि ही कोंबडी लग्नात नको म्हणून स्वतःचा मोर वापरायची लेखी परवानगी दिली. अट एकच, कोपऱ्यात त्यांचं नाव. ते मी इतक्या काळजीनं छापलं की नवरदेवाच्या नावापेक्षा ठळक आलं. मांडवात दोन पाहुणे आहेर घेऊन डोमाजींनाच शोधत होते.

आमचा छापखाना दरवर्षी एका बियाण्याच्या दुकानाचं कॅलेंडर छापायचा. त्यावर कायम डोमाजींचंच चित्र: धानाची पेंढी कमरेवर घेतलेली एक काळीसावळी, सुरकुतलेली बाई. चित्राचे हक्क आमच्या मालकांनी करार करून घेतले होते. एका वर्षी ते म्हणाले, "चित्र तेच ठेवा. दुसऱ्या पेंटरकडून तोंड तेवढं गोरं आणि तरुण करून घ्या."

ही बातमी मीच डोमाजींना सांगितली. अर्धी पाटी टाकून ते तडक छापखान्यात आले.

"हक इकला म्हनून तोंड बदलता येत नाही, मालक. चित्राची मोडतोड झाली तर काढनाऱ्याले आडवं येता येते. कायद्यात हाय."

"करारात दाखवा," मालक म्हणाले.

करार मी लिहिला होता. नमुना मिळेना, म्हणून वाडीतल्या माझ्या जुन्या खोलीच्या भाडेचिठ्ठीवरून उतरवला होता. 'खोली'च्या जागी 'चित्र' आणि 'घरमालका'च्या जागी 'चित्रकार' घातलं, की झालं.

मालक मोठ्यानं वाचू लागले. "सदर चित्रात जनावरे बांधू नयेत. सदर चित्राचे छप्पर गळल्यास..." मग त्यांचा आवाज उतरला. "चित्रकाराच्या लेखी परवानगीशिवाय मूळ बांधकामात कसलाही फेरबदल करू नये."

खाली मालकांची सही होती. त्यांनी कागदावरून माझ्याकडे पाहिलं. बाईचं तोंड तसंच राहिलं. माझी नोकरीही राहिली, पण पुन्हा मला कुणी करार लिहायला सांगितला नाही.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "डोमाजी, एका तोंडासाठी एवढा हट्ट?"



"ते माही माय हाय. गेली तवा तिचा एकबी फोटो नव्हता घरात, म्हनून काढली. गावाले, कुहीले, माहा बुढा बाप एकटाच राह्यते. दर साली नवं कॅलेंडर सोताच टांगते, अन् शेतात जाताना तिले सांगून जाते."

"मग चांगलं मोठं चित्र काढून, फ्रेम करूनच द्या की त्यांना."

"फोटो टांगला की हार घाला लागते गा भाऊ," डोमाजी म्हणाले. "कॅलेंडरले नाही लागत."