वाकलेलं गेट

समाजशास्त्राचे प्राध्यापक शनिवारी सकाळी गाडी मागे घेता घेता कायद्यावरचं व्याख्यान मनात घोळवत होते. 'गुन्हा घडला की समाज एकवटतो' या वाक्यापाशी ते आले आणि गाडी धाडकन इमारतीच्या गेटवर आदळली. गेट वाकलं. वॉचमन दिसत नव्हता. आसपास चिटपाखरूही नव्हतं. प्राध्यापकांनी मुकाट्याने गाडी जागेवर लावली, तिच्यावर कव्हर चढवलं आणि ते चालत कॉलेजला गेले.

संध्याकाळी सेक्रेटरी दारात हजर. "सर, उद्या गेटची चौकशी. अध्यक्ष तुम्ही. कायद्यातलं तुम्हालाच कळतं."

नाही म्हणायला त्यांनी तोंड उघडलं; बाहेर पडलं ते "बरं."

एरवी मीटिंगला चार डोकी जमायची मारामार. रविवारी गच्चीवर खुर्च्या कमी पडल्या. वर्षानुवर्षं अबोला धरलेले शेजारी एकमेकांना सरकून जागा देत होते. आपला सिद्धांत असा जिवंत पाहून प्राध्यापकांना घाम फुटला.

"वॉचमनचा हलगर्जीपणा! काढून टाका त्याला," तळमजल्यावरचे दंतवैद्य गरजले. वॉचमन टोपी चुरगाळत उभा होता.

"हे बघा," प्राध्यापक घाईघाईने म्हणाले, "शिक्षा ही जुन्या समाजाची रीत. आजच्या समाजात कायदा नुकसान भरून काढतो. गेट सरळ करू, विषय संपवू."

"ते कॉलेजात, सर! वॉचमनला काढायचं म्हणणाऱ्यांनी हात वर करा," दंतवैद्य म्हणाले.

भराभर हात वर गेले. प्राध्यापकांच्या बायकोचा तेवढा खाली होता, आणि ती त्यांच्याकडेच बघत होती.

"गेट मी वाकवलं," प्राध्यापक म्हणाले.

सेक्रेटरी खूश झाले. "बघा! सर नेहमी स्वतःचंच उदाहरण देऊन समजावतात!" टाळ्या पडल्या.

"अहो, उदाहरण कसलं? खरंच मी!"

कुणी ऐकेना. शेवटी सगळ्यांना खाली नेऊन त्यांनी स्वतःच्या हाताने कव्हर उचललं. चेपलेल्या पत्र्यावर गेटचा हिरवा रंग लागलेला होता. मग दोघे-दोघे, तिघे-तिघे कुजबुजत जिना चढून गेले.

वॉचमनने कव्हरचं दुसरं टोक धरलं.

"तू कुठे होतास रे तेव्हा?" प्राध्यापकांनी मान वर न करता विचारलं.

"इथेच, खांबामागे. बघितलं मी."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही अध्यक्ष झालात ना, सर. म्हटलं, कायद्यात असंच असेल."