चिनीतून चिनीत

"दुभाषाच आणायचा ना? चुटकीसरशी आणते!" साहित्य मंडळाच्या बैठकीत कार्यवाहबाईंनी टेबलावर हात आपटून सांगितलं.

पाहुणे दोन होते. एक म्हातारे कथाकार, बोलणार फक्त कँटोनीज, म्हणजे दक्षिणेकडची चिनी. दुसऱ्या एक प्रकाशिका, त्यांना कळणार फक्त प्रमाण चिनी. मंचावर दोघांचा संवाद जमला, तर म्हाताऱ्यांच्या कथांचं पुस्तक निघणार होतं.

मंडळाचे अध्यक्ष म्हणजे बाईंचे धाकटे दीर. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "चिनीतून चिनीत? वहिनी, उद्या मराठीतून मराठीत सांगायला माणूस मागाल!"

"अहो, त्या दोघांना एकमेकांचं ओ की ठो कळत नाही!"

"लिपी एकच ना?"

"मराठीची आणि नेपाळीचीही एकच आहे. बोला बरं भाऊजी, नेपाळी!"

भाऊजी नुसते मिशीत हसले. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आता तर आणणारच!

पहिला सापडला तो इस्पितळात दुभाष्याचं काम करणारा. बाईंनी त्याला कथाकारांच्या आवाजातली एक ओळ ऐकवली आणि अर्थ विचारला.

"यांच्या छातीत चंद्र अडकलाय," तो गंभीरपणे म्हणाला. "जेवणानंतर जास्त अडकतो का, ते विचारा."

दुसरा कोर्टातला. त्याला पुढची ओळ ऐकवली. "'मी तिची झोप चोरली.' ही सरळसरळ कबुली आहे! वकील दिलाय का यांना?"

"अहो, प्रेमकथा आहे ती!" बाई किंचाळल्या.

तिसरा मात्र कलावंत निघाला. नोकरी कुणाची नाही, काम फक्त कला आणि साहित्याचं. ओळ ऐकून त्याने डोळे पुसले आणि म्हणाला, "या एका ओळीसाठी मला आठवडा लागेल."

"हाच!" बाईंनी मनात गुढी उभारली.

कार्यक्रमाला सभागृह गच्च भरलं. म्हातारे बोलू लागले. दुभाषा डोळे मिटून चिनीत सांगू लागला. प्रकाशिका आधी खुदकन हसल्या, मग घळाघळा रडल्या, आणि शेवटी उठून त्यांनी म्हाताऱ्यांचे दोन्ही हात धरले. दुभाष्याने अंगठा उंचावून बाईंना खूण केली. पुस्तक ठरलं!

बाईंनी भाऊजींकडे असं पाहिलं की जणू किल्लाच सर केला!

पण सभागृहात चिडीचूप. लोक दगडासारखे बसलेले. पहिल्या रांगेतून सासूबाईंनी ठणठणीत आवाजात विचारलं, "अगं, ती बाई रडली कशाला?"

बाईंनी सांगायला तोंड उघडलं. ते उघडंच राहिलं! चिनीचं चिनीत झालं होतं, पण मराठीत कुणी सांगायचं, हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं!

त्या धावत दुभाष्याजवळ गेल्या. "अहो, जरा मराठीत सांगा ना, थोडक्यात!"

"थोडक्यात?" दुभाष्याने कानांवर हात ठेवले. "बाई, मी खून करत नाही!"

झालं! बाईंनी पदर सावरला आणि ध्वनिक्षेपक ओढून घेतला. "रसिकहो, मूळ भाषेचा गोडवा बिघडू नये, म्हणून आम्ही मुद्दामच मराठी भाषांतर ठेवलं नाही!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळ्यात जोरात वाजवत होते भाऊजी, तेही उभे राहून. "वा वहिनी! केवढी दूरदृष्टी!"

बाईंना इतका संताप तर त्यांच्या त्या मिशीतल्या हसण्याचाही आला नव्हता!