विलायतेनं काय काय नेलं

इंग्लंड कुठल्याही खेळात हरलं की आमचे शेजारी राठोड सर पेढे वाटतात. समोर भारत असायची गरज नाही. मागे हॉकीत बेल्जियमनं हरवलं, तरी पाव किलो आणले.

लोहाऱ्यातल्या शाळेत सरांनी जन्मभर इतिहास शिकवला. त्यातला निम्मा कापसावर गेला असेल. "वऱ्हाडातला कापूस नेला, तिकडं कापड केलं, अन् आपल्यालेच इकलं!" हे वाक्य ते लग्नात, मयतीत, दाढी करून घेतानाही म्हणतात. त्यांचे पणजोबा बंजारा तांड्यातले. बैलांच्या पाठीवर कापूस वाहायचे. साहेबानं रेल्वे आणली नि तांड्याचं काम बसलं. म्हणून सर अजून रेल्वेत पाय ठेवत नाहीत. तिरुपतीलाही बस बदलत बदलत गेले आणि कंबर धरून परतले.

अशा माणसाच्या एकुलत्या पोरीला, ज्योतीला, विलायतेतल्या दवाखान्यात नर्सची नोकरी लागली. घरात दोघंच. सर महिनाभर तिच्याशी बोलले नाहीत.

निघायच्या सकाळी नागपूरची गाडी दारात उभी, आणि पासपोर्ट गायब. आम्ही कपाटं उपसली, गाद्या उलटल्या. ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न देत होता. सर तेवढे खुर्चीत ताठ.

ज्योती एकदम थांबली. "बाबा, तुमी ठेवला काय?"

"कापूस नेला," सर भिंतीकडे बघत म्हणाले, "सागवान नेलं. आता पोरगीबी न्या म्हणा!"

"मले कोनी नेऊन नाई राह्यलं, बाबा. मी चालली. माह्या पायानं." तिनं हात पुढे केला. "पासपोर्ट द्या. नाई तर इथंच बसते. मंग जन्मभर बसते."

बाहेरचा हॉर्न थांबला. शेवटी सरांनी बनियनच्या आतून पासपोर्ट काढला. घामानं ओला झाला होता. त्यांनी तो सदऱ्याला पुसला, पुन्हा पुसला, आणि मग दिला. गाडी वळेपर्यंत ते खुर्चीतून उठले नाहीत.

चौथ्या दिवशी आमचं फाटक वाजलं. सर होते.

"मोबाइलवर पाहाता येते काय जी, तिच्या गावाले पाऊस हाय का?"

मी पाहिलं. "आहे सर. आठवडाभर आहे."

ते पायरीवरच बसले.

"छत्री इथंच राह्यली तिची," ते म्हणाले. "मले दिसली होती, दाराच्या मागं. पन तवा मी बोलत नव्हतो ना तिच्याशी."