आधी पाण्यात बुडवा

अमडापुरात सुपडाभाऊंसमोर काही न्यायची सोय नाही. ते पाण्यात बुडवतात. पंक्चरचं दुकान आणि पुढ्यात कायम भरलेलं घमेलं. माझ्या आईची शेकायची पिशवी बुडाली, जत्रेतले फुगे बुडाले, भजनी मंडळाची पेटी तर चौघांनी हात धरले म्हणून वाचली. "हवा निघून राह्यली ना? आधी पाण्यात बुडवा, मंग बोला!" हे वाक्य निम्म्या तालुक्याला पाठ आहे. उरलेल्या निम्म्याला ते घरबसल्या ऐकू येतं.

गेल्या वर्षी त्यांच्या गजाननचं, उंच, काटकुळ्या एकुलत्या पोराचं, फुप्फुस आपोआप बसलं. नळी घालून फुगवलं. सहा महिन्यांत पुन्हा बसलं. गजाननची आई गेल्यापासून घरात हे दोघंच. सुपडाभाऊ मला म्हणाले, "मास्तर, चला. डॉक्टर काय बोलते ते तुमाले समजन."

संभाजीनगरच्या डॉक्टरांनी नीट सांगितलं. दुर्बिणीतून फुप्फुसावरचा फुगवटा कापून टाके घालायचे. शिवाय फुप्फुस छातीला आतून चिकटून राहावं म्हणून छातीचं अस्तर खरवडायचं, नाहीतर सोलून काढायचं, नाहीतर आत पावडर फवारायची. छाती उघडून केलं तर पुन्हा बसायची भीती आणखी थोडी कमी, पण दुखणं फार.

"खरवडणं पटलं," सुपडाभाऊ म्हणाले. "घासल्याबिगर ठिगळ धरतच नाही. पण पावडर?" ते उभेच राहिले. "साहेब, टायरले ट्यूब चिकटू नये म्हनून आमी पावडर मारतो! तुमी चिकटवाले मारता? उलटं काऊन शिकवलं तुमाले?"

तीन मजल्यांवरचे पेशंट उठून बसले असावेत.

"काका, छातीत पावडर टोचते, सूज येते, सुजलं की चिकटतं. रबराला सूज येत नाही, माणसाला येते."

सुपडाभाऊ हळूच बसले. "मंग दुर्बिणीतून करा, अन् खरवडाच. पोरगं तरणं हाय, जन्मभर आत पावडर नको."

"माझंही तेच मत," डॉक्टर म्हणाले.

ऑपरेशन झालं. गजाननच्या छातीतली नळी खाटेखालच्या बाटलीत सोडलेली, तिचं टोक पाण्यात. आतून हवा गळली की बुडबुडा. सुपडाभाऊ फरशीवर मांडी घालून त्या बाटलीपुढे बसले, ते तीन दिवस. कुणाला एक सल्ला नाही की आरोळी नाही. नर्सला वाटलं, बाबा मुके आहेत.

चौथ्या दिवशी दुपारी बुडबुडे थांबले. आता हा माणूस छत उडवणार म्हणून मी दाराकडे सरकलो.

ते वाकले. काचेला बोट लावून पुटपुटले, "मास्तर, बुडबुडा नाही. पण पाणी वरखाली होऊन राह्यलं. थो दम घेते, त्याचंच हाय ना हे?"

"हो."

गजानन शांत झोपला होता. मी डबा उघडला.

"तुमी जेवा," सुपडाभाऊ म्हणाले. "मी पाहून राह्यलो."