पोंक्षे आणि अबू फहदची रायफल

पोंक्ष्यांच्या हॉलमधलं घड्याळ दहा मिनिटं मागे आहे. कुवेतमधल्या मंगफच्या या बिल्डिंगमध्ये मी राहायला आलो तेव्हाही ते मागेच होतं. पहिल्याच भेटीत मी उत्साहानं स्टूल ओढून काटा सरकवायला गेलो, तर पोंक्षे ओरडलेच, "हात लावू नकोस! रोज दहाच मिनिटं मागे असतं ते. नऊ नाही, अकरा नाही. यापेक्षा भरवशाचं यंत्र पाहिलंयस कुठे?"

पोंक्षे इन्स्ट्रुमेंट इंजिनियर. आजवरची सगळी नोकरी आमच्या तेलकंपनीतले गेज आणि मीटर तपासण्यात गेली. त्यामुळे चालू वस्तूवर त्यांची श्रद्धा, आणि कुणीतरी ती सुधारायला जाऊन बिघडवणार ही कायमची धास्ती. फोन अपडेट मागायला लागला की ते त्याला पालथा घालतात. गाडी सर्व्हिसिंगला नेली की मेकॅनिकच्या खांद्याशी उभे. "भाई, सिर्फ ऑइल. और कुछ नहीं." चेहरा ऑपरेशन थिएटरबाहेरच्या नातेवाइकाचा. बायको लेकीच्या बाळंतपणाला नाशिकला गेली ती नातवात रमली. तिनं लावलेले पडदे यांनी अजून धुवायला काढलेले नाहीत. "परत तसे बसले नाहीत तर?"

अशा माणसाकडे अबू फहदनी सल्ला मागितला.

अबू फहद म्हणजे पोंक्ष्यांचे जुने कुवेती मॅनेजर, आता रिटायर झालेले. त्यांच्या वडिलांचा मुंबईशी व्यापार होता, म्हणून हिंदी बोलतात. अरबीत 'प' नाही, त्यामुळे पोंक्ष्यांचे 'बोंक्षे' झाले. पत्नी गेल्यापासून ते दर शुक्रवारी पोंक्ष्यांना शूटिंग क्लबवर पाहुणे म्हणून बोलावतात. पोंक्षे कॉलेजात एनसीसीत होते, युनिव्हर्सिटीकडून नेमबाजी खेळलेले. मी फक्त सोबत. परक्या देशात बंदुकीच्या आसपास सापडावं आणि खिशात कार्ड नसावं, या भीतीनं पोंक्षे मला लिफ्टमध्ये, पार्किंगमध्ये आणि क्लबच्या फाटकात विचारतात, "सिव्हिल आयडी घेतलंस ना?"

रायफल अबू फहदच्या वडिलांची. महायुद्धाच्या काळातली, सैन्यानं मोडीत काढल्यावर विकत घेतलेली. तेलानं काळवंडलेलं लाकूड, नेम धरायला पुढे एक काडी, मागे एक खाच, बाकी काही नाही. परवाना अबू फहदच्या नावावर, रायफल क्लबच्या तिजोरीत. दिसायला म्हातारी, पण पोंक्ष्यांनी झाडलेल्या गोळ्या कॉफीच्या छोट्या पेल्याखाली झाकतील इतक्या जवळजवळ पडायच्या.

गेल्या हिवाळ्यापासून अबू फहदच्या गोळ्या मात्र निशाणाच्या कागदभर सांडू लागल्या. "बंदूक बूढ़ी हो गई," ते म्हणायचे. मुलानं, फहदनं, सुचवलं की वर दुर्बीण बसवू. त्यासाठी रायफलच्या पोलादात भोकं पाडायची, गोळी भरायला ओढतात तो बोल्टचा दांडा दुर्बिणीला अडू नये म्हणून तापवून वाकवायचा, थोडं लाकूडही तासायचं.

"बोंक्षे, तुम देखो, मारो, फिर बोलो," अबू फहद म्हणाले. "बंदूक खराब है तो दूरबीन लगाएगा. बंदूक अच्छी है, तो मैं खलास. घर में काँच के अंदर रखेगा. इधर नहीं आएगा."

पुढच्या शुक्रवारपर्यंत पोंक्ष्यांना घास गोड लागला नाही. ऑफिसात लंच ब्रेकमध्ये माझ्यासमोर डबा उघडायचे आणि बंद करायचे.

"मिलिंद, ती नळी त्या लाकडात कशी बसलीय माहितीय? इतकी वर्षं एकमेकांना धरून आहेत. तिथे ड्रिल लावायचं? पाडलेलं भोक परत बुजत नाही रे."

"मग सांगा की रायफल चांगली आहे म्हणून."

"म्हणजे तुमचे डोळे गेलेत असं सांगू? त्या माणसाला?" त्यांनी डब्याचं झाकण दाबून बसवलं. "आणि शुक्रवारी ते करणार काय? मी काय करणार?"

शुक्रवारी क्लबच्या फाटकापर्यंत पोचलो, तरी त्यांनी मला सिव्हिल आयडीबद्दल विचारलंच नाही.

क्लबवर फहद आला होता. क्लबचा मेकॅनिक रायफल घेऊन आला. पोंक्षे चटईवर पालथे पडले. त्यांचा श्वास मला ओळखीचा आहे. गोळी सुटण्याआधी तो अर्ध्यावर थांबतो. त्या दिवशी तो थांबला नाही. एक गोळी वरच्या कोपऱ्यात गेली, एक खाली, एक तर कागदालाच चुकली. निशाण बघायला क्लबनं स्टँडवर ठेवलेल्या दुर्बिणीतून अबू फहद बघत होते की नुसतेच त्या दिशेनं, सांगता येणार नाही.

पोंक्षे उठले. गुडघे झटकले. कपाळावर घाम. म्हणाले, "बंदूक ही थक गई है. दूरबीन लगा लो."

परतताना मी म्हणालो, "मुद्दाम चुकवलंत."

"रस्त्याकडे बघ," पोंक्षे म्हणाले.

ड्रिलिंगच्या दिवशी मेकॅनिकनं मशीन सुरू केलं आणि पोंक्षे वर्कशॉपबाहेर उन्हात जाऊन उभे राहिले. आवाज थांबल्यावर आत आले, चेहरा पांढरा. दुर्बीण चढली. पोंक्ष्यांनी गोळ्या मारून पाहिल्या. जवळजवळ पडल्या. रायफल बिघडली नव्हती. मी त्यांना इतका मोठा सुस्कारा टाकताना कधी पाहिलं नव्हतं.

मग अबू फहद चटईवर पालथे पडले. बराच वेळ दुर्बिणीला डोळा लावून राहिले आणि म्हणाले, "बोंक्षे, इसमें भी धुआँ है."

आता पोंक्ष्यांकडे रायफलचं निमित्त उरलं नव्हतं. ते म्हणाले, "अबू फहद, एक काम करो. मुझे डॉक्टर को आँख दिखानी है. अकेले डर लगता है. तुम साथ चलो. तुम भी दिखा देना."

आम्ही मंगफमधल्याच एका डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो. दोघांच्या डोळ्यांत थेंब घातले. पोंक्ष्यांचे डोळे ठणठणीत निघाले. अबू फहदच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू, पिकलेला. छोटं ऑपरेशन, डॉक्टर म्हणाली, नीट दिसेल. पोंक्ष्यांनी तिला इतके प्रश्न विचारले की पेशंट कोण ते तिला पुन्हा विचारावं लागलं.

बाहेर बाकावर दोघं शेजारी बसले. थेंबांमुळे दोघांनाही समोरचं काही दिसत नव्हतं. अबू फहदनी चाचपडत पोंक्ष्यांचा हात शोधला.

"बोंक्षे, उस दिन तुम बहुत खराब मारा."

पोंक्षे मोकळ्या हातानं गालावर ओघळलेलं औषध पुसू लागले.

"मेरे बाप की बंदूक ऐसा नहीं मारती. मुझे मालूम था."

पोंक्ष्यांनी दचकून त्यांच्या दिशेनं तोंड वळवलं. "मालूम था? फिर छेद क्यों करने दिया? इतनी अच्छी बंदूक!"

"तुम मेरे वास्ते इतना खराब मारा," अबू फहद म्हणाले. "मैं ना कैसे बोलता?"

मी गाडी दारापाशी आणली. दोघं एकमेकांचा हात धरून पायऱ्या उतरले आणि मागच्या सीटवर तसेच बसले. घरी पोचेपर्यंत कुणी कुणाचा हात सोडला नाही.