आंब्याखालची मच्छरदाणी

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. सरोवराकाठच्या त्या बैठकीत मी जे केलं, ते उद्या पुन्हा करायची वेळ आली तर पुन्हा करीन. माझा भाऊ गाथोगो गावभर सांगत फिरतो की आमच्या न्यागुथीने पोराचं लग्न मोडतच आणलं होतं. सांगू दे. डासांच्या माहेरघरी मी चार माणसं घेऊन गेले आणि चारही धडधाकट परत आणली. गाथोगोने त्या प्रवासात फक्त केळी खाल्ली.

आमचं गाव डोंगरमाथ्यावरचं, बटाट्याचं. इथे चुकून एखादा डास वर आलाच, तर तो थंडीने असा काकडतो की चावायचं सोडून चुलीपाशी येऊन बसेल. त्यामुळे मलेरिया हा खालच्या लोकांचा आजार, त्याचा आपल्याशी काय संबंध, अशी इथे सगळ्यांची समजूत. मी एकतीस वर्षं सरकारी दवाखान्यात केसपेपर लिहिले. मला माहीत आहे, खरी गोष्ट उलटी आहे. ज्याला आयुष्यात कधी मलेरिया झाला नाही, त्यालाच तो सगळ्यात वाईट आपटतो.

तर गाथोगोचा मुलगा, माझा भाचा गिताही, नाकुरू शहरात नोकरीला. तिथे त्याचं अकेयो नावाच्या मुलीशी जमलं. शाळेत गणित शिकवते, सरळ बघते, सरळ बोलते. मला पोरगी पहिल्या दिवसापासून पसंत. तिचं घर सरोवराकाठी. मुलाकडच्यांनी तिथे जायचं, मुलीच्या बापाला किती गाई द्यायच्या ते ठरवायचं, दोन रात्री मुक्काम करायचा, असं ठरलं.

"मीही येणार," मी म्हटलं.

"बैठकीत तुझं काय काम?" गाथोगोने विचारलं.

"बैठकीत नसेल. डासांत आहे."

दवाखान्यातल्या डॉक्टरकडून मी सगळ्यांसाठी गोळ्या लिहून आणल्या. रोज एक, जेवणाबरोबर. निघायच्या दोन दिवस आधी सुरू करायची आणि परत आल्यावरही सात दिवस चालू ठेवायची. शिवाय अंगाला लावायचं मलम, पाचजणांसाठी लांब मोजे आणि दोन मच्छरदाण्या. त्यातली एक एवढी मोठी की तिच्यात अख्खं कुटुंब झोपावं. गाथोगो म्हणाला, आपण सोयरीक करायला चाललोय की लढाईला? वहिनीने मोजे घालून पाहिले आणि काढलेच नाहीत.

खरा त्रास दिला काबुगाने. हा आमचा बोलणारा माणूस. वय चौऱ्याहत्तर, डोक्यावर एक केस नाही आणि जिभेला हाड नाही. गावातली सगळी लग्नं तोच जमवतो. त्याच्याशिवाय बैठकीला जाणं म्हणजे बैलाशिवाय नांगर घेऊन जाणं. त्याने गोळी हातात धरून उजेडात पाहिली.

"न्यागुथी, माझं रक्त जुनं आहे. डासाला पचायचं नाही."

"गिळा. नाहीतर बस सुटेल आणि तुमच्या जागी मी बोलेन."

त्याने गिळली.

दुपारी आम्ही पोचलो. अकेयोचे वडील ओबिलो, तिचे थोरले काका ओगुतू, आई, आजी, शेजारीपाजारी, सगळं अंगण भरलेलं. स्वागत इतकं छान झालं की मलाच जरा भरून आलं. ओगुतू त्यांचा बोलणारा माणूस. तोही काबुगाच्याच मापाचा, फक्त केसांसकट. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि दोघांचेही डोळे चमकले.

मी मात्र आधी झोपायच्या खोलीत गेले. तिथे मच्छरदाण्या टांगलेल्या होत्याच. चांगल्या होत्या. पण एकतीस वर्षांची सवय, मी एकेक खिडकीशी नेऊन भोकं तपासायला लागले. तेवढ्यात अकेयोची आई पाणी घेऊन आली. मी जाळीत डोकं घालून उभी. तिने तांब्या खाली ठेवला.

"आमच्याकडे धुतलेल्या असतात हो," ती म्हणाली.

"नाही, मी फक्त भोकं बघतेय."

ती निघून गेली. तांब्या मात्र तिथेच ठेवून गेली.

ऊन उतरल्यावर अंगणातल्या आंब्याखाली बैठक सुरू झाली. काबुगाने उभं राहून सुरुवात केली. पाऊस, गुरं, पूर्वज, माणसामाणसांतली माया, असं करत करत तो मूळ मुद्द्याकडे निघाला होता. पण तो निवांत पोचतो. सूर्य त्याच्या आधी पोचला. सहा वाजले. डासांची वेळ काबुगाच्या भाषणासाठी थांबत नाही. मी उठले, आमच्या लोकांच्या बाह्या खाली केल्या, आणि एकेकाच्या हाताला, मानेला, कानामागे मलम चोळलं. काबुगा बोलतच होता, म्हणून मी त्याच्या टकलावर मागून लावलं. तो "दोन घराण्यांच्या मध्ये" असं म्हणत होता. तिथे एकदा अडखळला आणि पुन्हा बोलायला लागला.

समोरच्या बाजूला कुजबुज सुरू झाली. दोन बायका उठून मागे जाऊन बसल्या. गिताही माझ्या कानाशी आला.

"आत्या, ते म्हणतायत पाहुणे अंगाला काहीतरी मंतरलेलं चोळून बसलेत. गाई कमी व्हाव्यात म्हणून."

"मग सांग ना त्यांना काय आहे ते."

"सांगितलं. ते म्हणतात, मग टकलाला का लावलं?"

मी उत्तर देणार तोच अकेयोची धाकटी बहीण हात धुवायचं घंगाळं घेऊन आली. जेवणाची वेळ झाली होती. ती पहिल्यांदा काबुगापुढे वाकली. त्याने हात पुढे केले, आणि मी म्हटलं, "थांबा. आत्ताच मलम लावलंय. धुतलंत तर सगळं वाया जाईल."

माझ्या धाकात असलेल्या चौघांनीही एकाच वेळी हात मागे घेतले.

हात धुवायला नकार म्हणजे जेवायला नकार. आणि सोयरिकीच्या पहिल्या जेवणाला नकार म्हणजे काय, हे शेजारच्या कोंबडीलाही कळलं असतं. ती मुलगी घंगाळं धरून तशीच उभी राहिली.

ओगुतू सावकाश उठला. "पाहुण्यांना आमचं पाणी चालत नाही?"

"तसं नाही," काबुगा घाईघाईने म्हणाला. एवढ्या लग्नांत त्याने हजार भांडणं मिटवली असतील, पण त्या दिवशी कसं कोण जाणे, त्याची जीभ बटाट्याच्या चिखलात रुतली. "पाणी उत्तम आहे. तुमच्या इथली हवा वाईट आहे, एवढंच."

"हवा," ओगुतू म्हणाला.

"म्हणजे हवेतलं जे असतं ते."

"आणि आमची मुलगी? ती ह्याच हवेत वाढली."

गाथोगोने माझ्याकडे असं पाहिलं की मी दगड असते तरी फुटले असते. पण मी का गप्प बसू? मी उभी राहिले. "हे बघा, मी स्पष्ट सांगते. हे डासांचं औषध आहे. आम्ही थंडीतली माणसं, आमच्या अंगात ताकद नाही. तुमचं वेगळं आहे. तुम्हाला मलेरियाची सवय आहे."

हे मी चांगल्या मनाने म्हटलं होतं. दवाखान्यात आम्ही असंच म्हणायचो.

चटईवर बसलेली आजी तोवर एक शब्द बोलली नव्हती. तिने अकेयोला काहीतरी विचारलं. अकेयोने माझं वाक्य तिच्या भाषेत सांगितलं. आजीने मान वर केली आणि बोलायला लागली. बराच वेळ बोलली.

"काय म्हणतात त्या?" मी विचारलं.

अकेयो म्हणाली, "म्हणते, बसा."

"एवढंच?"

"नाही." पोरीने गिताहीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "ती म्हणते, कसली सवय? मला नऊ मुलं झाली. पाच मोठी झाली. ज्यांना सवय झाली ती ही समोर बसलीयत. ज्यांना झाली नाही ती त्या कुंपणापाशी आहेत."

मी कुंपणाकडे पाहिलं. तिथे चार लहान उंचवटे होते, त्यांच्यावर गवत वाढलेलं. दुपारी मी त्यांच्याजवळूनच गेले होते. मला वाटलं होतं, भाजीचे वाफे असतील.

मी बसले. मग मी आजीला म्हटलं, "माझे यजमान, किमोथो, बटाट्याचा ट्रक घेऊन इकडे आले होते. चार रात्री राहिले. घरी आल्यावर दहाव्या दिवशी ताप आला. मी म्हटलं, थंडी बाधली. आल्याचा काढा दिला, गोधड्या घातल्या. मी दवाखान्यात नोकरीला होते, आणि मी काढा दिला. पाचव्या दिवशी ते गेले. त्याला एकोणीस वर्षं झाली."

हे मी कुणाला सांगत नाही. गिताहीलाही अर्धंच माहीत होतं.

अकेयोने ते आजीला सांगितलं. आजीने एक छोटं वाक्य उच्चारलं आणि हात पुढे केला.

"ती म्हणते, मग सूर्य बुडेपर्यंत वाट का बघितलीस? आधी सगळ्यांनी हात धुवा, जेवा, आणि मग ते पुन्हा लाव. आणि तिलाही लाव."

घंगाळं फिरलं. आम्ही पोट फुटेस्तोवर मासे आणि मक्याच्या पिठाची घट्ट उगाली खाल्ली. काबुगाने डोकंही धुतलं. मग मी पुन्हा मलम घेऊन बसले आणि पहिल्यांदा आजीचे पाय धरले. सुरकुतलेले, खरखरीत, माझ्या आईसारखे. मलम तिच्या घोट्याला लागताच ती काहीतरी पुटपुटली. अकेयो म्हणाली, "गार वाटलं म्हणते." मागे जाऊन बसलेल्या बायकाही आल्या. माझी अर्धी डबी तिथेच संपली.

पण गाईंचं ठरायचं होतं, आणि डास तर आता ढगासारखे आले. घरात उकाडा इतका की आत बसणं अशक्य. ओबिलो म्हणाला, उद्या सकाळी बोलू. आजी म्हणाली, आजच. तिने गिताहीला आंब्यावर चढवलं. आमच्या होणाऱ्या जावयाला तेवढं तरी येतं का बघू, असं म्हणाली असणार, कारण सगळे हसले आणि अकेयोने ते सांगितलं नाही. गिताहीने माझी मोठी मच्छरदाणी फांदीला टांगली. आत चटई घातली. चटईवर काबुगा, गाथोगो, ओबिलो, ओगुतू, आजी आणि मी. मी आत का, असं विचारणाऱ्याला आजीने एका नजरेत गप्प केलं. कडा चटईखाली खोचल्या, आणि बैठक पुन्हा सुरू झाली.

आता गंमत अशी, की गाईंच्या बोलण्यात रागावून उठून जाणं हा अर्धा खेळ असतो. एकाने उठायचं, कुंपणापर्यंत जायचं, बाकीच्यांनी हात धरून परत आणायचं. ओगुतू त्यात पटाईत, काबुगा तर गुरूच. ओगुतूने आकडा सांगितला. काबुगा ताडकन उठला आणि जाळीत डोकं अडकून परत बसला.

"मी चाललो," तो म्हणाला.

"कड उचलली तर डास आत येतील," मी म्हटलं.

तो बसला. मग त्याने आपला आकडा सांगितला. ओगुतू संतापला, गुडघ्यांवर उभा राहिला. आजीने जाळीची कड पायाखाली दाबून धरली आणि त्याच्याकडे नुसतं पाहिलं. तोही बसला. मांडीला मांडी, गुडघ्याला गुडघा, रागवायलाही जागा नाही. दर आकड्याला दोघांना एकमेकांच्या तोंडाचा माशांचा वास येत होता.

एवढ्यात एक डास कुठूनतरी आत शिरला. सगळ्यांनी बोलणं थांबवलं. सहाही डोकी त्याच्यामागे फिरली. तो काबुगाच्या टकलावर उतरला, आणि ओगुतूने क्षणाचाही विचार न करता फाडकन हात मारला.

काबुगाने सावकाश डोक्यावरून हात फिरवला आणि बोटाकडे पाहिलं. रक्ताचा ठिपका होता.

"हे कुणाचं?" त्याने विचारलं.

"तुमचंच," मी म्हटलं. "जुनं दिसतंय."

पहिल्यांदा ओबिलो हसला, मग ओगुतू, मग मार खाल्लेला काबुगाही. हसताना त्याची मांडी आखडली आणि तो कळवळून म्हणाला, "अरे, काय ते ठरवा आणि मला बाहेर काढा." एरवी दोन दिवस चालणारी बोलणी तासाभरात संपली. दोन्ही मच्छरदाण्या मी आजीपाशीच ठेवून आले.

घरी आल्यावर सात दिवस मी दारोदार फिरून गोळ्या दिल्या. बाराव्या दिवशी सकाळी वहिनीचा निरोप आला, गाथोगोचं अंग कोमट लागतंय. तो म्हणत होता सर्दी आहे. मी त्याला बोलू दिलं नाही. वाटेत दोनदा त्याचा हात धरून ओढलं, चढावर मी त्याच्या पुढे होते. दवाखान्यात रांग मोडून आत घुसले आणि म्हटलं, आधी ह्याचं रक्त तपासा, बाकी मग बोला.

तपासलं. मलेरिया नव्हता. सर्दीच होती. गाथोगो शिंकून माझ्याकडे बघत राहिला. मी म्हटलं, बघ, आता नक्की कळलं ना.

डॉक्टर म्हणाला, "बाई, तुम्हीच एवढ्या धापा का टाकताय? बसा." आणि माझ्या दंडाला पट्टा बांधला. आकडा बघून त्याने तो पुन्हा बांधला.

"हा रक्तदाब आजचा नाही. रोज सकाळी एक गोळी सुरू करा."

"किती दिवस?"

"कायमची."

मी त्याला स्पष्ट सांगितलं, की आमच्या घरात कुणाला रक्तदाब नाही, डोंगरावरच्या लोकांना होत नाही, आणि मला गोळ्या जमत नाहीत. त्या गोष्टीला आता तीन आठवडे झाले. मी विचार करतेय.